जुन्या काचेची एकच रेघ

सोलापुरांतला एखादा जुना वाडा उतरविला जातो, तेव्हां सागवानी तुळया, खांब व चौकटी यांस गिऱ्हाईक तत्काळ मिळतें. तावदानांची विचारपूस मात्र कोणी करीत नाहीं. तीं ढिगाऱ्यांत फुटून जातात. वस्तुतः त्याच काचेचा तुकडा घरच्या तसबिरीस किंवा पुस्तकांच्या कपाटास बसवितां येतो. अट एवढीच कीं, कापणाऱ्यानें घाई करूं नये आणि हट्टही धरूं नये.

ही काच टाकाऊ खासच नव्हे. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची रीत इंग्लंडांतील पिल्किंग्टन कंपनीनें १९५९ सालीं जाहीर केली. त्यापूर्वींच्या पुष्कळ तावदानांत बारीक लहरी असतात. तिरप्या उजेडांत त्या ओळखूं येतात. तशी काच आतां बाजारांत सहजासहजीं मिळत नाहीं. शिवाय महाराष्ट्रांत काच हा एके काळीं देशकार्याचा विषय होता. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून, म्हणजे लोकांनीं दिलेल्या एकेका पैशांतून, १९०८ सालीं तळेगांवास काचेचा कारखाना निघाला.

जुनी काच वयानें कठीण होते, असा समज आहे. खरें कारण निराळें. वर्षानुवर्षांच्या दमटपणानें, धुळीनें व ओरखड्यांनीं तिच्या पृष्ठभागावर सूक्ष्म चिरा पडलेल्या असतात. ए. ए. ग्रिफिथ या इंग्रज शास्त्रज्ञानें १९२१ सालच्या आपल्या निबंधांत दाखविलें कीं, काचेचें बळ अशा चिरांवरच अवलंबून असतें. ताण चिरेच्या टोकाशीं एकवटतो. काच कापणें म्हणजे हवी त्या जागीं एक सरळ चीर पाडणें होय. जुनी चीर आड आली, कीं फूट भलतीकडे वळते.

म्हणून कांठास चिकटलेली लांबी व रंग आधीं काढावा. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यामुळें तो ओला करूनच खरवडावा. काच साबणाच्या पाण्यानें धुवून कोरडी करावी. सोलापूरच्या वैशाखांत पारा चाळिशीपार जातो; उन्हांतून आणलेली काच सावलींत निवूं द्यावी. डोळ्यांस चष्मा व हातांत जाड मोजे असावे. मेजावर जुनी सोलापुरी चादर अंथरून कमी ओरखड्यांची बाजू वर ठेवावी. मग पट्टी धरून, रॉकेलाचा थेंब लावलेलें पोलादी चाक एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सारख्या दाबानें, एकदांच फिरवावें. रेघ पुसट वाटली तरी तिच्यावरून पुन्हा जाऊं नये. त्यानें रेघ बिघडते आणि चाकही. लागलीच रेघेच्या दोन्ही टोकांखालीं आगपेटीची एकेक काडी ठेवून दोन्ही बाजू खालीं दाबाव्या. कडा पाणी लावून धारेच्या दगडावर घासाव्या.

मोटारीच्या बाजूच्या खिडकीची कडक केलेली काच मात्र कापावयास घेऊं नये; रेघ पडतांच तिचे दाणे होऊन उधळतात.

प्रयत्न फसलाच, तर तुकडे उघडे टाकूं नयेत. ते जाड कागदांत गुंडाळून, वर 'काच' असें लिहून मगच घराबाहेर द्यावे. तावदान वांचविल्यानें घरचे चार पैसे वांचतात. परंतु त्यापायीं कचरा वेचणाऱ्या एखाद्या बाईचा हात कापला, तर ती काटकसर फार महाग पडली, असेंच म्हटलें पाहिजे.