नवजात शिशूचे वजन आणि मातेचे ताट



जन्मसमयी २,५०० ग्रॅमपेक्षा कमी भरणारे बालक ‘कमी वजनाचे’ मानले जाते. अशा बालकास जंतुसंसर्गाचे भय अधिक असते. हे वजन केवळ दैवाधीन नाही. मातेचे वय, गर्भधारणेपूर्वीची तिची प्रकृती, रक्तातील हिमोग्लोबिन, दोन बाळंतपणांतील अंतर, तंबाखू वा मिश्रीची सवय या सर्वांचा त्यावर परिणाम होतो.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाने १९९३ पासून जवळच्या सहा खेड्यांत केलेला अभ्यास या बाबतीत उद्बोधक आहे. तेथे पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी वजन सुमारे २,६६५ ग्रॅम भरले. माता एकूण किती जेवते, याच्याशी वजनाचा स्पष्ट संबंध दिसला नाही. मात्र हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वरचेवर घेणाऱ्या मातांची बालके अधिक भरदार होती. शेतकाम व पाणी वाहण्याचे कष्ट अधिक असणाऱ्या मातांची बालके तुलनेने लहान होती.

म्हणजेच हा प्रश्न एकट्या सुनेचा नसून संपूर्ण घराचा आहे. बाळ मोठे झाल्यास बाळंतपण अवघड जाईल, या समजुतीने तिचा घास कमी करू नये. सर्वांच्या मागून उरलेसुरले तिने खावे, ही रीतही मोडावी. तिच्या हातातील पाण्याची कळशी घरातील दुसऱ्याने उचलावी. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असल्यास वैद्यकीय सल्ल्याने लोहाच्या गोळ्या नियमित द्याव्यात.

पाळण्यातील बालकाची काळजी सारेच घेतात. ती पाळणा हलण्यापूर्वीच सुरू व्हावी, हीच नम्र विनंती.