तरंगता धक्का आणि खाडीचे पाणी

(सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता लहान आहे. खाडीतील जुना तरंगता धक्का काढून त्याच्या जागी नवा बसविणे हे काम अंदाजपत्रकाच्या एका ओळीत मावते. निविदा निघते, ठेकेदार येतो, जुने सामान बाजूला पडते, नवे पाण्यात उतरते आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मिळतो. परंतु ज्या पाण्यात हा धक्का तरंगतो, त्याच पाण्यावर मासे धरणारा, कालवे काढणारी, होडी चालविणारा आणि पाहुण्यांना घरी उतरवून घेणारा अशा अनेकांचा संसार अवलंबून आहे. म्हणून हे काम केवळ बांधकामाचे नसून खाडी सांभाळण्याचेही आहे, आणि त्याच दृष्टीने मी ते आपल्यापुढे मांडणार आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झाला. या जिल्ह्याच्या किनाऱ्याचे वैशिष्ट्य असे, की सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोडक्या अंतरात समुद्राला मिळतात आणि मिळण्यापूर्वी त्यांची खाडी होते. कुडाळकडून येणारी कर्ली नदी देवबाग आणि भोगवे यांच्यामध्ये समुद्रास मिळते. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र व दुसऱ्या अंगाला खाडी असलेली वाळूची चिंचोळी पट्टी. उत्तरेस गड नदीची कालावल खाडी आणि दक्षिणेस गोव्याच्या सीमेवरील तेरेखोल ही याच कुळातील पाण्ये. या सर्व ठिकाणी पूर्वी तर चालत असे. पूल झाले तसे अनेक तर बंद पडले. आता त्याच खाड्यांत पर्यटकांच्या होड्या फिरतात आणि चढ-उताराची सोय ही नव्याने गरज झाली आहे.

तरंगता धक्का का?

आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीच्या पातळीत सुमारे दोन मीटर वा त्याहून अधिक फरक पडतो. दगडी धक्का भरतीला सोयीचा असला, तरी ओहोटीला त्याच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरणे वृद्धांना व मुलांना धोक्याचे होते. तरंगता धक्का पाण्याबरोबर चढतो, पाण्याबरोबर उतरतो. होडीचा काठ आणि धक्क्याची फळी यांतील अंतर सदैव सारखे राहते. शिवाय त्यासाठी खाडीत भराव घालावा लागत नाही व प्रवाह अडत नाही. २०२० साली गोव्यात पणजी येथे मांडवी नदीत काँक्रीटच्या पोकळ ठोकळ्यांवर असा धक्का उभारण्यात आला. तेव्हा तरंगता धक्का ही कल्पना मुळातच योग्य आहे. तो कशाचा केला, कोठे बांधला आणि जीर्ण झाल्यावर त्याचे काय केले, यांवर पाण्याचे बरेवाईट अवलंबून आहे.

ऋतूचे गणित

खाडी ही वाहती असल्यामुळे तिच्यात काही टाकले तरी समुद्रात वाहून जाते, असा एक समज आहे. पावसाळ्यापुरता तो पुष्कळसा खरा आहे. मृगापासून हस्तापर्यंत नदी दुथडी वाहते आणि खाडी धुऊन निघते. परंतु पाऊस संपला की वरून येणारे गोडे पाणी आटत जाते. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत खाडीत मुख्यत्वे समुद्राचेच पाणी आत-बाहेर होत असते. ओहोटीबरोबर बाहेर गेलेल्या घाणीचा बराच भाग पुढच्या भरतीबरोबर परत येतो. पर्यटकांचा हंगाम नेमका हाच. म्हणजे ज्या महिन्यांत खाडीची स्वतःला स्वच्छ करण्याची शक्ती सर्वांत कमी, त्याच महिन्यांत तिच्यावरील भार सर्वांत अधिक. ही एक गोष्ट ध्यानात घेतली, तर पुढील सर्व सूचनांचे कारण स्पष्ट होईल.

जुना धक्का पाण्याला काय देतो?

कमी खर्चाच्या तरंगत्या धक्क्यांखाली बहुधा लोखंडी पिंपे किंवा थर्माकोलचे ठोकळे असतात. पिंप पूर्वी तेलाचे वा रसायनाचे असेल, तर त्याच्या तळाशी राहिलेला अंश पत्रा गंजताच पाण्यात उतरतो. मचूळ पाण्यात लोखंड लवकर गंजते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला सांगावयास नको.

थर्माकोलचा दोष याहून वाईट, कारण तो संपत नाही. उन्हाने ठोकळा ठिसूळ होतो, लाटांनी झिजतो, लहान सागरी किडे त्यात बिळे करतात आणि त्याचे साबुदाण्याएवढे दाणे सुटे होतात. हे दाणे कांदळवनाच्या मुळांत अडकतात. मासे व पक्षी ते खाद्य समजून गिळतात. ते वेचून काढणे कोणालाही शक्य नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्यात पाण्यात वापरावयाचा असा फेस कठीण कवचात बंद असलाच पाहिजे, असा नियम आहे. दक्षिण कोरियाने मत्स्यशेतीतील थर्माकोलच्या नव्या तरंड्यांवर २०२२ व २०२३ या वर्षांत टप्प्याटप्प्याने बंदी आणली. आपल्या राज्याने २०१८ साली थर्माकोलच्या ताटवाट्यांना मनाई केली. जे पदार्थ आपण पंगतीत चालवून घेत नाही, ते खाडीत तरी का चालवावेत?

तिसरा दोष रंगाचा. जहाजाच्या बुडाला शिंपले व शेवाळ चिकटू नये म्हणून विषारी रंग लावतात. त्यांपैकी कथिलयुक्त रंगांनी शिंपल्यांच्या व शंखांच्या प्रजननावर एवढा घातक परिणाम केला, की २००१ साली त्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय करार झाला आणि तो २००८ पासून अमलात आला. तांबेयुक्त रंग अजून वापरात आहेत. येथे एक साधा विचार करावा. जहाजाला वेग हवा असतो, म्हणून त्याचे बूड गुळगुळीत लागते. धक्का तर एकाच जागी उभा असतो. त्याच्या ठोकळ्यांना असा रंग देण्याचे काहीच कारण नाही. वर्षातून एकदा काठावर घेऊन खरवडले की पुरे.

काढताना घ्यावयाची काळजी

पुष्कळदा नव्या धक्क्याची सारी चिकित्सा होते आणि जुना कसा काढावा याविषयी कागदावर एक अक्षरही नसते. परिणामी जुने ठोकळे काठावरच फोडले जातात, वा ओढत नेऊन कांदळवनात सोडले जातात. वस्तुतः सर्वाधिक हानी याच एक-दोन दिवसांत होते.

म्हणून कामाच्या करारात पुढील बाबी स्पष्टपणे लिहाव्यात. जुना धक्का पाण्यात फोडू नये. भाग सुटे करून, भोवती बारीक जाळे लावून, भरतीच्या वेळी काठावर आणावा. तोडफोड उधाणाच्या रेषेच्या वर, ताडपत्रीवर करावी. पिंपांतील अवशेष आधी काढून बंद भांड्यात घ्यावा. निघालेले सामान मोजून, त्याची विल्हेवाट कोठे लावली याची पावती ग्रामपंचायतीत जमा झाल्यावरच ठेकेदारास अखेरचा हप्ता द्यावा. ही शेवटची अट घातली, म्हणजे आधीच्या अटी आपोआप पाळल्या जातात.

हे काम केव्हा करावे? पावसाळ्यात जलक्रीडा व प्रवासी होड्या बंद असतात, म्हणून ठेकेदाराला तो काळ सोयीचा वाटतो. परंतु पुराच्या पाण्यात सुटा झालेला ठोकळा हाती लागत नाही. मृगापूर्वी धक्का काठावर घ्यावा, पावसाळाभर दुरुस्ती जमिनीवर करावी आणि नारळी पौर्णिमेनंतर, नदीचा जोर ओसरल्यावर, तो पुन्हा पाण्यात उतरवावा, हा क्रम सर्वांत सुरक्षित. होडीवाल्यांचा हंगामही त्यामुळे बुडत नाही.

नवा कसा असावा?

नव्या धक्क्यासाठी बंद पोकळीचे जाड प्लास्टिकचे ठोकळे, किंवा काँक्रीटच्या कवचात पूर्ण बंद केलेले ठोकळे वापरावेत. प्रारंभीचा खर्च अधिक येतो हे खरे. परंतु दर काही वर्षांनी धक्का बदलण्याचा आणि त्याचा कचरा उचलण्याचा खर्च हिशेबात धरला, तर स्वस्त धक्का स्वस्त राहत नाही. फळ्यांमध्ये फटी ठेवाव्यात, म्हणजे खाली थोडा प्रकाश जातो आणि पावसाचे पाणी साचत नाही.

जागेची निवड याहून महत्त्वाची. सर्वांत मोठ्या ओहोटीलाही धक्क्याखाली पुरेसे पाणी असले पाहिजे. तो चिखलावर टेकू लागला, तर दिवसातून दोनदा खालच्या तिसऱ्या व मुळे चिरडले जातात. आणि उथळ पाण्यात इंजिनाचा पंखा गाळ ढवळून काढतो तो निराळाच. तळ कोठे कसा आहे, हे नकाशापेक्षा तेथे कालवे काढणाऱ्या भगिनींना अधिक ठाऊक असते. जागा ठरविण्यापूर्वी त्यांना विचारावे. नांगर व साखळ्या नेहमीच्या वाऱ्याचा नव्हे, तर वादळाचा विचार करून निवडाव्यात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने या किनाऱ्याची जी हानी केली, ती आपल्या स्मरणात आहेच. सुटलेला धक्का होड्या फोडतो आणि स्वतःही फुटून पाण्यात विखुरतो.

धक्क्यापलीकडचा प्रश्न

तथापि, केवळ धक्का बदलल्याने खाडी स्वच्छ होईल असे मी म्हणणार नाही. जुन्या पद्धतीच्या टू-स्ट्रोक इंजिनात इंधनाचा मोठा भाग न जळताच पाण्यात जातो. डिझेल भरताना सांडते. वाळूच्या जमिनीत खोदलेल्या शोषखड्ड्यांतील मैला झिरपत एकीकडे खाडीत आणि दुसरीकडे विहिरीत उतरतो. समुद्राच्या व खाडीच्या पाण्यासाठी पर्यावरण संरक्षण नियमांत वर्ग ठरवून दिले आहेत. स्नान, जलक्रीडा व मासेमारीच्या पाण्यात दर लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू असावा आणि मैल्यातील जंतू १०० मिलिलिटर पाण्यात १०० हून अधिक नसावेत, असे प्रमाण आहे. शिंपले काढावयाच्या पाण्याला याहून वरचा वर्ग दिलेला आहे. त्याचे कारण उघड आहे. कालव व तिसरी पाणी गाळूनच जगतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या पोटात साठते आणि तेथून आपल्या ताटात येते.

मग धक्क्याचा उपयोग काय? उपयोग हा, की सर्व होड्या तेथे येतात. शिस्त लावावयाची तर तीच जागा. इंधन धक्क्यावर न भरता काठावर, नरसाळे व खाली परात ठेवून भरावे. सांडलेले तेल टिपण्यासाठी काथ्याच्या भुशाची पोती हाताशी असावीत. आपल्या जिल्ह्यात ती मिळण्यास अडचण नाही. धक्क्याच्या वाटेवर, पण उधाणाच्या रेषेपासून दूर, स्वच्छतागृह व कचऱ्याची पेटी असावी आणि त्यांच्या देखभालीसाठी प्रवासी शुल्कातील ठरावीक हिस्सा वेगळा ठेवावा.

कायदा, पंचायत आणि शाळा

मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने मालवणची गणना अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत केली. कांदळवनाच्या संरक्षणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय अत्यंत स्पष्ट आहे. पांढरी चिप्पी या वृक्षाला २०२० साली आपण राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. या तरतुदींकडे विकासाच्या वाटेतील अडथळे म्हणून पाहण्याची सवय सोडली पाहिजे. परवानगीचा प्रस्ताव करताना महाराष्ट्र सागरी मंडळ, वन विभागाचा कांदळवन कक्ष व प्रदूषण नियंत्रण मंडळ यांचा सल्ला आरंभीच घेतला, तर काम अर्ध्यावर थांबत नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. धक्क्याचा प्रस्ताव ग्रामसभेपूर्वी या समितीपुढे ठेवण्याचा पायंडा पाडावा. तिच्यात होडीवाला आणि कालवे काढणारी स्त्री, दोघेही असतील हे पाहावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. धक्का बदलण्यापूर्वी व नंतर पाण्यात काय फरक पडला, हे नोंदीवाचून सांगता येत नाही. काळ्या-पांढऱ्या रंगाची तबकडी दोरीने पाण्यात सोडावी. ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते लिहावे. पाण्याचे तापमान, भरतीची वेळ, काठावर सापडलेले थर्माकोलचे तुकडे यांची नोंद दर पंधरवड्यास करावी. जंतूंसाठीच्या सोप्या हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या बाटल्या विहिरीच्या पाण्यासाठी उपयुक्त आहेत. खाडीच्या खाऱ्या पाण्यात मात्र ती चाचणी फसवी ठरते, तेथे प्रयोगशाळेतच नमुना पाठवावा. दोन-तीन वर्षांची अशी वही ग्रामसभेत उघडली, तर तिच्यापुढे तोंडी वाद टिकणार नाही.

सिंधुदुर्ग किल्ल्याची उभारणी १६६४ साली सुरू झाली, तेव्हापासून या किनाऱ्याची ओळख पाण्यातील बांधकामाशी जोडलेली आहे. समुद्राचा स्वभाव ओळखून बांधलेले टिकते, हा त्या तटांचा धडा. आपला धक्का लहान आहे आणि तो काही वर्षांनी पुन्हा बदलावाच लागेल. त्या वेळी पुढच्या सदस्यांना काठावर जुन्या धक्क्याचे दाणे सापडू नयेत आणि खाडीत मात्र तिसऱ्या सापडाव्यात, एवढी दक्षता आजच्या करारपत्रात आपण घेऊ शकतो. करारपत्रावर सही करण्यापूर्वी ते या दृष्टीने एकदा वाचावे, अशी माझी आपणांस विनंती आहे.