वाचलं, पण समजलं का?

(नाते येथील प्रौढवर्गात आईबापांपुढे केलेले भाषण)

मंडळी, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही एका घरी बसलो होतो. पाऊस कोसळत होता. घरातला चौथीतला मुलगा मोबाइलवर आलेली सूचना मोठ्यानं वाचू लागला. सखल भागातील लोकांनी सुरक्षित जागी जावे, अशी ती सूचना. एकही अक्षर अडलं नाही. अम्मी कौतुकानं म्हणाली, "बघा, कसा घडाघडा वाचतो!" आम्ही विचारलं, "बाळ, सखल म्हणजे काय रे?" मुलगा नुसता बघत राहिला. अम्मीलाही ठाऊक नव्हतं. आणि घर होतं नदीकाठी, अगदी सखल जागी.

जुलै २०२१ मध्ये महाडात पुराचे पाणी शिरले, तळिये येथे दरड कोसळली. ते तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आम्ही वेगळे काय सांगणार?

आपल्या तालुक्यात मुसलमान घरे पुष्कळ. तिथल्या मुलाची कसरत पाहा. घरी कोकणी बोली. शाळेत मराठी नाहीतर उर्दू. मदरशात अरबी. तीन भाषांची अक्षरे तो ओळखतो, ही लहान गोष्ट नव्हे. पण अक्षर ओळखणे वेगळे आणि अर्थ कळणे वेगळे.

हजरत पैगंबरांवर जो पहिला संदेश उतरला, त्याचा पहिला शब्दच 'इक्रा', म्हणजे वाच. लगेच पुढे लेखणीचा उल्लेख आहे. माणसाला जे ठाऊक नव्हते ते शिकविल्याचाही आहे. कुराण सावकाश, थांबत थांबत वाचावे, त्यावर विचार करावा, असेही त्यात सांगितले आहे. पाठीवर ग्रंथांचे ओझे वाहणाऱ्या गाढवाचा दृष्टांतही तिथलाच. तेव्हा मूल अर्थ विचारू लागले तर तो उद्धटपणा नव्हे. मौलवीसाहेबांना विचारू द्या. मराठीत भाषांतरे आहेत, ती घरात ठेवा.

बद्रची लढाई इ. स. ६२४ मध्ये झाली. सुटकेचे पैसे नव्हते पण लिहितावाचता येत होते, अशा कैद्यांनी मदिनेतल्या दहा दहा मुलांना शिकवावे नि सुटावे, असे ठरले होते म्हणतात. शत्रूकडूनसुद्धा विद्या घेतली!

आपल्याच जिल्ह्यात, गागोद्याला १८९५ साली विनोबा भावे जन्मले. कुराण मुळातून समजावे म्हणून ते मोठेपणी अरबी शिकले. त्यांचे 'कुराण-सार' १९६२ साली निघाले. आणि ह्याच नात्यात १८९६ साली जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, हे सगळे सांगतात. त्यांनी कालिदासाचे मेघदूत मराठी पद्यात आणले, हे मात्र कुणी सांगत नाही. अर्थ मनात मुरल्याशिवाय असे काम होते का?

तुम्ही म्हणाल, आम्हीच आत्ता कुठे वाचायला लागलो, मुलांना काय समजावणार? अहो, समजावू नका. विचारा. मुलानं धडा वाचला की पुस्तक मिटायला सांगा. म्हणा, "आता मला आपल्या बोलीत सांग." कोकणीत सांगितलं तरी चालेल, उलट तेच बरं. तो अडला तर रागावू नका. दोघं मिळून ते वाक्य पुन्हा, हळू वाचा. शब्द अडला तर घराबाहेर न्या. सखल कळत नाही? अंगणात तांब्याभर पाणी ओता, ते जिथं जाऊन साठेल ती जागा सखल. त्या मुलाला आम्ही असंच दाखवलं. पाणी वाहत वाहत थेट गोठ्याच्या दारात गेलं. तो म्हणाला, "अम्मी, म्हणजे आपणच की!" त्या रात्री ती मंडळी वरच्या आळीत मामांकडे झोपायला गेली. पाणी काही आलं नाही. पण म्हैस गोठ्यातून हलवली ती हलवलीच.

बरं, पुढच्या वर्गाला मुलांना बरोबर आणा. पुस्तक नसलं तरी चालेल. घरात जे छापील सापडेल ते आणा. विजेचं बिल, औषधाचा कागद, खताची पिशवी, काहीही. मुलं वाचतील, तुम्ही विचाराल.