दिसण्याआधीचा आजार



उन्हाळी व्याख्यानमालेत राज्यघटना, पाणीप्रश्न, संतसाहित्य असे विषय असतात. किलोभर वजनाच्या एका प्राण्याच्या दुखण्याखुपण्यावर इथे बोलणे काहींना चैन वाटेल. पण गिनीपिग आता आपल्या शहरांतल्या सदनिकांमध्ये येऊन राहिला आहे, बहुधा मुलांच्या हट्टापायी आला आहे, आणि तो आजारी पडला की घरातून एकच वाक्य ऐकू येते : "कालपर्यंत अगदी चांगला होता हो." मला आज जे मांडायचे आहे ते या वाक्याच्या विरोधात आहे. बहुतेक वेळा तो कालपर्यंत चांगला नसतो, चांगला दिसत असतो. या प्राण्याचा आजार डोळ्यांना दिसतो तो उशिरा आणि मोजमापात सापडतो तो लवकर. सापडल्यावर हाती उरणारा वेळही थोडाच असतो. म्हणून गिनीपिग पाळणाऱ्याने नजरेपेक्षा नोंदीवर विसंबावे आणि 'उद्या बघू' हा आपल्याकडचा लाडका उपचार या प्राण्यापुरता तरी सोडून द्यावा, एवढेच माझे प्रतिपादन आहे.

प्रथम आजार दिसत का नाही ते पाहू. गिनीपिगचे मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतराजीत आहे. तिथल्या लोकांनी काही हजार वर्षांपूर्वी तो मांसासाठी माणसाळवला आणि पेरू, इक्वेडोर, बोलिव्हिया या देशांत तो आजही खाल्ला जातो. त्याचे रानटी पूर्वज शिकारी पक्ष्यांचे आणि कोल्ह्यांचे भक्ष्य होते. लंगडणारा, मागे रेंगाळणारा जीव शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून दुखणे अंगावर न दाखवणारे जगले आणि त्यांचीच संतती वाढली. प्राणी माणसाळला तरी ही सवय गेली नाही. माणूस पिंजऱ्याशी वाकला की अनेक गिनीपिग जागच्या जागी गोठून बसतात. आपल्याला वाटते, किती शांत आहे! त्यात दाट केसांमुळे अंग भरलेले वाटते, बरगड्या हाताला लागेपर्यंत रोडपणा कळत नाही. 'अनुभवी माणसाला नजरेने कळतेच' हा दावा गाईम्हशींच्या बाबतीत खरा असेल. इथे नजर ज्याच्याकडे लागलेली असते तो प्राणीच त्या नजरेमुळे आपले वागणे बदलतो. नजरेचा उपयोग करायचाच तर तो दुरून, त्याला न कळेल असा करावा.

आता वेळ थोडा का असतो ते पाहू. गिनीपिगचे पचन आतड्याच्या शेवटच्या भागात, मुख्यतः सीकम नावाच्या मोठ्या पिशवीत होते. तिथले जंतू गवतातला चोथा आंबवतात. गोबरगॅसच्या टाकीत रोजचे शेण पडले नाही की आतले काम बिघडते, तसेच इथे होते : खाणे थांबले की आतड्याची हालचाल मंदावते, नको ते जंतू माजतात, वायू धरतो, पोट फुगून दुखू लागते आणि दुखल्यामुळे खाणे आणखी तुटते. गिनीपिगला उलटी करता येत नाही, त्यामुळे वरून सुटकेचा मार्ग नाही. उपाशी शरीर साठवलेली चरबी जाळू लागते आणि तिचा भार यकृतावर येतो. कुत्र्याने एक दिवस अन्न नाकारले तर आपण थांबून पाहतो, ते बरेचदा चालूनही जाते. गिनीपिगने बारा तास काही खाल्ले नसेल, तर ती तातडीची वेळ समजावी. मूळ दुखणे दातांचे असो, मूत्राशयाचे असो की फुप्फुसाचे, शेवटी प्राण जातो तो बरेचदा या थांबलेल्या पोटामुळे.

मग मोजायचे काय? पहिली गोष्ट वजन. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगचे वजन साधारण 700 ते 1200 ग्रॅम असते. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कुंडा ठेवून आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी ते घ्यावे आणि लिहून ठेवावे. किलोभराच्या प्राण्यात 100 ग्रॅमची घट म्हणजे शरीराचा दहावा हिस्सा, साठ किलोच्या माणसाचे सहा किलो. एवढी घट डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर लपत नाही. आठवड्यात 50 ग्रॅम कमी भरले तर दुसऱ्या दिवसापासून रोज वजन करावे. दुसरी गोष्ट लेंड्या. निरोगी गिनीपिग दिवसाला शंभराच्या घरात लेंड्या टाकतो, त्या तपकिरी, लांबट आणि एकसारख्या असतात. त्या लहान, कोरड्या, टोकदार किंवा विरळ होऊ लागल्या, तर कालपरवापासून पोटात कमी जाते आहे असे समजावे. तिसरी गोष्ट खाणे, आणि त्यात खाण्याची पद्धतही आली. याचे वीसही दात आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. झीज पुरली नाही की खालच्या दाढा आतल्या बाजूला कलून जिभेवर कमान धरतात. असा प्राणी भूक लागल्याने कोथिंबिरीकडे धावतो, काडी उचलतो आणि टाकून देतो. त्याची हनुवटी लाळेने ओली असते. घरचे म्हणतात, 'खायला तर येतो.' येतो खरा, पण त्याला खाता येत नाही.

या तीन नोंदींच्या जोडीला काही लक्षणे अशी आहेत की ती दिसली म्हणजे आजार बराच पुढे गेला आहे असे धरावे : अंग फुलवून कोपऱ्यात कुबड काढून बसणे, दात करकरणे, भाजीच्या पिशवीचा आवाज झाला तरी नेहमीची शीळ न घालणे, डोळ्यानाकाभोवती सुकलेला चिकटा, श्वासाला लागणारा जोर. लघवीच्या वेळी ओरडणे किंवा लघवीत रक्त दिसणे ही मूतखड्याची खूण असू शकते. खरजेचे सूक्ष्म किडे झाले तर खाज इतकी तीव्र होते की प्राण्याला झटके येतात. वयस्क मादीच्या दोन्ही कुशींवरचे केस सारखेच गळू लागले तर बीजांडातल्या गाठींची तपासणी करून घ्यावी. उलट, काही गोष्टींनी घाबरण्याचे कारण नाही. तोंड धुताना डोळ्यांतून येणारा दुधी द्रव, एरवीही गढूळ असणारी लघवी, स्वतःच्याच मऊ लेंड्या खाणे, आनंदात जागच्या जागी उसळ्या मारणे हे सारे निरोगी प्राण्याचे वागणे आहे. काय नेहमीचे आहे हे ज्याला माहीत नाही त्याला काय बिघडले हेही कळत नाही.

इथे एक रास्त आक्षेप येतो. हौसेने पाळलेल्या प्राण्याची इतकी मोजदाद म्हणजे घराचे रुग्णालय करणे नव्हे का? रानातले प्राणी कोणाच्या वहीविना जगतातच की! याला माझे उत्तर असे की रानातला प्राणी आपला चारा आपण निवडतो, पिंजऱ्यातल्याचे ताट आपण वाढतो. याचा पुरावा विज्ञानाच्या इतिहासातच आहे. 1907 साली नॉर्वेत आक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिश यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना माणसासारखाच स्कर्व्ही झाला. माणसाप्रमाणे गिनीपिगचे शरीरही क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. पुढे हंगेरीत आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी ते जीवनसत्त्व ओळखले, तेही गिनीपिगांवरच्या चाचण्यांतून, आणि त्याचा भरपूर साठा त्यांना मिळाला तो तिथल्या पाप्रिका मिरचीत. आपली ढोबळी मिरची त्याच जातीची. प्रौढ गिनीपिगला वजनाच्या दर किलोमागे रोज 10 ते 30 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. बाटलीतल्या पाण्यात मिसळले तर ते लवकर नासते, डब्यातल्या खाद्यगोळ्यांत महिन्यागणिक कमी होत जाते. ते मिळाले नाही की काही आठवड्यांत सांधे सुजतात, चालणे नकोसे होते, हिरड्यांतून रक्त येते. मालक म्हणतो, आळशी झाला आहे. ज्याचा आहार सर्वस्वी आपल्या हातात आहे, त्याच्या आहाराचा परिणाम तपासणे ही जबाबदारी आहे, तिला काळजीखोरपणा म्हणता येणार नाही. आणि आठवड्याचे वजन घ्यायला लागतात दोन मिनिटे.

लक्षण सापडल्यावर करायचे काय, हा प्रश्न जास्त अवघड आहे. प्रत्येक खुणेला सारखीच धावाधाव नको, कारण प्रवास आणि अनोळखी हात यांचाही प्राण्याला त्रास होतो. थोडी केसगळती किंवा वजनातली किरकोळ घट असेल तर दोन-चार दिवसांत दाखवावे. खाणे बंद, लेंड्या बंद, श्वासाला त्रास, लघवी अडणे, फुगलेले टणक पोट, झटके किंवा मान एका बाजूला कलणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला निघावे. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत ऊब द्यावी, ताजे गवत समोर ठेवावे, सोबतचा गिनीपिग बरोबर न्यावा, कारण हा कळपाने राहणारा जीव एकटा पडला की आणखी खचतो. पोट फुगलेले नसेल आणि डॉक्टरांनी सांगितले असेल तरच खाद्यगोळ्या पाण्यात भिजवून सिरिंजने, गालाच्या बाजूने, थोडे थोडे भरवावे. घाईने पाजलेले फुप्फुसात जाते. आपल्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. 28 अंशांपुढे या पर्वतातल्या प्राण्याला उष्मा सोसवत नाही आणि विदर्भात पारा 45 च्या पुढे जातो. धापा टाकत आडवा पडलेला, लाळ गाळणारा गिनीपिग सावलीत न्यावा, कान आणि पाय थंड पाण्याने ओले करावेत, बर्फाचे पाणी वापरू नये, आणि मग दवाखाना गाठावा.

घरगुती औषधांबद्दल मात्र मी काहीच सवलत देणार नाही. घरात उरलेल्या अमॉक्सिसिलिनचा थेंब 'लहान मुलाला चालते तर याला का नाही' म्हणून दिला जातो. मे 1940 मध्ये ऑक्सफर्डला हॉवर्ड फ्लोरी यांच्या गटाने पेनिसिलिनची चाचणी उंदरांवर घेतली आणि औषध मिळालेले उंदीर जगले. 1943 साली डोरोथी हॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच औषध गिनीपिगांना मारक ठरते हे नोंदवले. कारण पुढे उलगडले : पेनिसिलिनच्या कुळातली औषधे, तशीच क्लिंडामायसिन, गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि उरलेल्या जागेत क्लॉस्ट्रिडियम जातीचे विषारी जंतू वाढतात. ज्या औषधाने माणसांचे प्राण वाचले त्यानेच हा प्राणी मरतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनाही हीच मनाई. गिनीपिगला चालणारी प्रतिजैविके आहेत, पण कोणते आणि किती हे ठरवणे डॉक्टरांचे काम आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे. प्राण्याच्या किमतीपेक्षा तपासणीची फी जास्त, आणि गिनीपिग जाणणारे डॉक्टर जवळपास मिळत नाहीत. दुसरी अडचण खरी आहे. आपली पशुवैद्यकीय परंपरा जुनी आहे, परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 चे, पण तिचा भर गुरांवर आणि पुढे कुत्र्यामांजरांवर राहिला. म्हणून डॉक्टर शोधायचे ते प्राणी आजारी पडल्यावर नव्हे, घरी आणण्याआधी. फोन करून दोनच गोष्टी विचाराव्यात : तुम्ही गिनीपिग तपासता का, आणि त्याला कोणती प्रतिजैविके देत नाही? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर चटकन आले तर पत्ता लिहून ठेवावा. पहिल्या अडचणीबद्दल मात्र कायदा आपल्या सोयीचा नाही. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम, प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याच्या कल्याणासाठी आणि त्याला विनाकारण वेदना होऊ नयेत यासाठी सर्व वाजवी उपाय करावेत, असे कर्तव्य घालते. त्यात प्राण्याच्या खरेदीकिमतीची अट नाही. शिवाय वेळेत घासलेली दाढ आणि पोट थांबल्यावर करावे लागणारे उपचार यांच्या खर्चात मोठा फरक असतो. आणि जिथे उपचार उरलाच नाही तिथे डॉक्टरांच्या हातून दयामरण हाही जबाबदारीचाच निर्णय आहे. कोपऱ्यात पडून राहू देणे हा निर्णय नव्हे, ती टाळाटाळ आहे.

म्हणून माझी सूचना पालकांना आहे, मुलांना नाही. दहा वर्षांच्या मुलाने गिनीपिगला गवत घालावे, त्याच्याशी खेळावे, वजनाचा आकडा वहीत लिहावा. पण घटलेला आकडा पाहून रात्री नऊ वाजता दवाखान्याला फोन लावण्याचे काम मोठ्या माणसाचेच आहे. पाच ते आठ वर्षे जगणाऱ्या या प्राण्यासाठी एवढे करण्याची ज्या घराची तयारी आहे त्याने तो जोडीने जरूर पाळावा. तयारी नसेल तर मुलाचा हट्ट मोडावा, ते जास्त सोपे आणि प्राण्याच्या दृष्टीने जास्त न्याय्य आहे.