दुसऱ्याचं रक्त अंगाला लागलं तर
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मी निवृत्त परिचारिका. ‘आरोग्यावर काहीतरी बोला’ असं मला सांगण्यात आलं. बीपी-शुगरवर बोलणारे पुष्कळ आहेत. मी हा विषय घेतला, कारण आपण वडपेत राहतो. दारात मुंबई-नाशिक महामार्ग, गोदामांकडे जाणारे कंटेनर आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या मोटारसायकली. अपघात झाला की आधी धावतात ती आपलीच पोरं. त्यांना भीती दोनच, पोलिसांची आणि रक्ताची.

पोलिसांचं थोडक्यात सांगते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. १०८ ला फोन बिनधास्त करा.

आता रक्ताचं. धड, न फाटलेल्या कातडीवर रक्त लागलं तर साबणाने धुऊन टाका, विषय संपला. धोका असतो तो रक्ताळलेली सुई किंवा काच टोचली, आपल्या उघड्या जखमेला रक्त लागलं, किंवा डोळ्यात-तोंडात उडालं तर. सगळे घाबरतात एचआयव्हीला. पण बाधित माणसाला टोचलेली सुई आपल्याला लागली, तरी लागण होते ती हजारात साधारण तिघांना. हिपॅटायटीस बी मात्र लस न घेतलेल्यांत शंभरात सहा ते तीस जणांना होऊ शकतो, आणि त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. २००९ साली शेजारच्या गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या आणि या आजाराने कितीतरी माणसं दगावली.

म्हणून टोचलं तर बोट पिळू नका, चोखू तर मुळीच नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. हळद, डेटॉल, स्पिरिट चोळत बसू नका. डोळ्यात उडालं तर साध्या पाण्याने भरपूर धुवा. मग लगेच रुग्णालय गाठा. ‘उद्या बघू’ इथेच घात होतो. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला हवीत. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. कोर्स २८ दिवसांचा, मधेच सोडायचा नाही. ती घ्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण ठरवायला तुम्ही वेळेत पोचायला हवं. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात जा किंवा ठाण्याच्या सिव्हिलला, आणि नेमकं काय, किती वाजता झालं ते सांगा. हिपॅटायटीस बीची लस न घेतलेल्यांना लस, आणि गरजेप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही देतात, तेही शक्यतो २४ तासांत. हिपॅटायटीस सीला असं आधी घ्यायचं औषध नाही. त्यासाठी पुढच्या तपासण्या चुकवायच्या नाहीत. लागण झालीच तर आता तो गोळ्यांनी बरा होतो.

आता जरा घरातलं, आणि राग मानू नका. आपल्याकडे इन्सुलिन घेणारी मंडळी कमी नाहीत. ती सुई जाते कुठे? भाजीच्या सालांबरोबर काळ्या पिशवीत. सकाळी त्या पिशवीत हात घालतात आपले सफाई कामगार. जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली घ्या, सुया त्यात टाका, भरली की झाकण घट्ट लावून वर ‘सुया’ लिहा आणि वेगळी द्या. कमिटीला माझी विनंती आहे, की सफाई कामगार आणि वॉचमन यांना जाड हातमोजे द्यावेत आणि हिपॅटायटीस बीचे तीन डोस सोसायटीच्या खर्चाने द्यावेत. पहिला आज, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. रौप्यमहोत्सवाच्या रोषणाईपुढे हा खर्च फार नाही. मोठ्या माणसांनी स्वतःचंही बघा. बाळांच्या सरकारी लसीकरणात ही लस देशभर आली २०११ च्या सुमारास, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांनी ती घेतलेली नसणार.

जिन्यात रक्त सांडलं तर हातमोजे घाला, नसतील तर हातात प्लास्टिकची पिशवी चढवा. वर जुने पेपर टाका, त्यावर हायपोक्लोराइट ओता, अर्धा तास थांबा आणि मगच पुसा.

एक चिठ्ठी आली आहे, ‘डास चावून एचआयव्ही होतो का?’ नाही. दुसरी सलूनच्या ब्लेडबद्दल. नवीन ब्लेड समोर फोडायला सांगा, त्यात लाजायचं काय!