तोतरेपणा आणि घरची भाषा
तोतरेपणा बहुधा 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतो. सोलापुरात पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड आणि बाहेर मराठी. म्हणून मुलाच्या तोतरेपणाचा दोष दोन भाषांवर ढकलला जातो. हा समज निराधार आहे. घरची भाषा बंद केल्याने अडखळणे थांबत नाही, आजीशी गप्पा मात्र थांबतात. जिभेला वेखंड चोळणेही व्यर्थच, कारण तोतरेपणाचे मूळ मेंदूतील वाचानियंत्रणात असते. मूल अडले की वाक्य पुरे करून देऊ नये, ‘नीट बोल’ म्हणू नये. मोठ्यांनीच संथ बोलावे, बोलणे संपेपर्यंत ऐकावे. अडखळणे सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास वाचोपचारतज्ज्ञांकडे जावे. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची मोफत तपासणी होते.