स्वस्त जागा आणि दुसऱ्या वर्षीचे भाडे

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर बालसंगोपन, आहार, काटकसरीचा संसार अशा विषयांवर विदुषींची भाषणे झाली आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा संकेतस्थळासाठी स्वस्त होस्टिंग कसे निवडावे हा विषय माझ्या नावापुढे छापलेला पाहून पुष्कळ जणींना हसू आले असेल. पण कार्यकारिणीने हे काम मजकडे दिले ते मंडळाची घाऊक खरेदी मी पाहते म्हणून. डाळीचा भाव काढणे आणि जागेचा भाव काढणे यांत मला तरी फारसे अंतर दिसले नाही. यंत्राकडची बाजू माझ्या पुतणीने समजावून दिली. ती कॉलेजात संगणक शिकते आणि काकूच्या प्रश्नांना कंटाळत नाही.

आपले पहिले संकेतस्थळ २०१७ साली निघाले होते, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. ज्या गृहस्थांनी ते करून दिले त्यांनी मंडळाचे नाव, म्हणजे ज्याला डोमेन म्हणतात ते, स्वतःच्या नावावर व स्वतःच्या ईमेलवर नोंदवले. पुढे ते गाव सोडून गेले. नूतनीकरणाच्या सूचना त्यांनाच जात राहिल्या, आपल्याला कोणी कळवले नाही, आणि २०२२ साली एके दिवशी पाटीच उतरली. काही महिन्यांनी तेच नाव भलत्याच कोणी घेतले व त्यावर जाहिराती झळकू लागल्या. भाजणी-मेतकुटाच्या मागण्या बंद झाल्या, हे नुकसान भरून निघेल. पण आपल्या संस्थापक बाईंनी सांगितलेल्या पाककृती आणि जुन्या सहलींची छायाचित्रे तेथेच होती. पुतणीने इंटरनेट आर्काइव्हच्या जुन्या साठ्यातून काही पाने शोधून काढली. छायाचित्रे बरीचशी मिळाली नाहीत ती नाहीतच.

म्हणून पहिली गोष्ट ही, की नाव आणि जागा या दोन निराळ्या वस्तू आहेत. जागा बदलता येते. नाव एकदा गेले की ते परत मिळेलच असे नाही. जागा देणारा म्हणतो, "नाव आमच्याकडून फुकट घ्या." घ्यायचे तर घ्यावे, पण नोंद मंडळाच्या नावावर व मंडळाच्या ईमेलवर आहे, हे स्वतः पाहावे, आणि ते फुकट पहिल्याच वर्षी की कायम, तेही विचारावे. मला विचाराल तर नाव एका दुकानातून व जागा दुसऱ्या दुकानातून घ्यावी. मग एकाशी बिनसले तरी दुसरे हातचे जात नाही. नावाचा खर्च वर्षाकाठी साधारण हजार रुपयांच्या आत बसतो.

आता जागेचे. आपले नवे संकेतस्थळ वर्डप्रेसवर करावयाचे ठरले आहे. हे २००३ साली निघाले, फुकट मिळते, आणि जगातील दर पाच संकेतस्थळांपैकी दोन त्यावर चालतात असे म्हटले तरी चालेल. त्याचा गुण असा, की मजकूर बदलण्यासाठी कोणा जाणकाराचे पाय धरावे लागत नाहीत. आपल्यातली कोणीही लिहू शकते. पण त्याची एक खोड आहे. साधे पान म्हणजे डब्यात भरून ठेवलेला लाडू. मागितला की उचलून दिला. वर्डप्रेस मात्र पाहुणा आला की चूल पेटवते. मजकूर एका कोठारातून, म्हणजे डेटाबेसमधून, काढते आणि प्रत्येकासाठी पान नव्याने रचते. तेव्हा तिला मोठी खोली नको, चांगली शेगडी हवी. जाहिरातीत मात्र खोलीचीच लांबीरुंदी सांगतात!

आमचा हिशेब ऐका. छायाचित्र लहान करून चढवले तर दोनशे केबीत बसते. अशी पाचशे छायाचित्रे म्हणजे शंभर एमबी. वर्डप्रेस स्वतः, सोबतची साधने व मजकूर धरून आणखी तीनचारशे समजा. म्हणजे एक जीबीतही आपला संसार मावतो. आणि विक्रेते शंभर जीबी, नाहीतर अमर्याद देऊ करतात. अमर्याद म्हणजे खानावळीतली पोटभर थाळी. चार पोळ्यांनंतर वाढपी दिसेनासा होतो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की फाइलींची संख्या अमुक, यंत्राचा वापर तमुक. वाचावयाचे ते बारीक अक्षर वाचावे.

सर्वांत स्वस्त जागा म्हणजे शेअर्ड होस्टिंग. ही चाळीतली खोली. एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदतात आणि नळ सामाईक. शेजारच्या बिऱ्हाडी लग्न निघाले की आपल्याकडे पाणी बारीक येते. त्याहून वरचे ते व्हीपीएस. त्यात पाण्याचा वाटा आपला ठरलेला, पण झाडलोट व कुलपे पुष्कळदा आपणच सांभाळावयाची. ते काम येणारी बाई आपल्यात आज नाही. दिवसाकाठी पन्नास पाहुणे येतील अशा घराला चाळ पुरे. फक्त चाळ बरी असावी, आणि पाने आधी रचून ठेवण्याची, ज्याला कॅशिंग म्हणतात ती, सोय असावी. लाडवांचे तेवढे आपल्यालाही करता येते.

भावाची गोष्ट मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण फसगत तेथेच होते. समजा, एकाच्या पाटीवर महिना ९९ रुपये आहे. वर्षाचे झाले १,१८८. त्यावर अठरा टक्के जीएसटी धरून १,४०२. दुसऱ्या वर्षापासून त्याचा दर महिना २९९. म्हणजे करासह वर्षाला ४,२३४. दुसरा दुकानदार पहिल्या दिवसापासून १८० सांगतो आणि पुढेही तोच दर ठेवतो; त्याचे वर्षाचे करासह २,५४९. पहिल्या वर्षी दुसरा महाग दिसतो, नाही का? आता तीन वर्षांची बेरीज करा. पहिल्याचे ९,८७०, दुसऱ्याचे ७,६४७. अंतर २,२२३ रुपयांचे. भाजणीच्या पिशवीमागे आपल्याला वीस रुपये सुटतात. म्हणजे एकशे अकरा पिशव्या भाजून, दळून, भरून त्या ९९ रुपयांच्या पाटीला वाहावयाच्या!

आणखी एक मेख अशी, की तो ९९चा दर बहुधा तीनचार वर्षांचे एकरकमी भरले तरच असतो. नव्या माणसाच्या हाती इतक्या वर्षांचे भाडे आगाऊ ठेवणे मला पटत नाही. एक वर्ष राहून पाहावे. हल्ली दुसऱ्या दुकानातून आलेले संकेतस्थळ फुकट हलवून देणारेही पुष्कळ आहेत.

मी तीन ठिकाणी विचारले. प्रश्न एकच: "दुसऱ्या वर्षी किती?" एकाने सरळ आकडा सांगितला. दुसऱ्याने लिहून दिला, ते मला अधिक आवडले. तिसरा म्हणाला, "मॅडम, ऑफर आज रात्रीपर्यंतच आहे." मी म्हटले, "मग उद्या सकाळी फोन करते." केला. ऑफर होतीच.

पैसे भरण्याच्या पानावर आधीच खुणा करून ठेवलेल्या चौकटी असतात, त्या एकेक पाहून काढाव्यात. पत्त्याशेजारच्या कुलपाचे, म्हणजे एसएसएल प्रमाणपत्राचे, निराळे पैसे आपल्याएवढ्या संकेतस्थळासाठी देऊ नयेत. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा संस्था २०१५ पासून ते फुकट देत आहे, आणि बरा दुकानदार ते आपणहून बसवून देतो. यंत्र मुंबईत किंवा भारतात कोठेतरी असलेले बरे. आपली गिऱ्हाइके पुण्यामुंबईची, त्यांनी भाजणीसाठी अमेरिकेपर्यंत हेलपाटा का घालावा? "९९ टक्के वेळ चालू" या शब्दांवरही भाळू नये. उरलेला एक टक्का म्हणजे महिन्याला सात तास. ९९.९ म्हणत असेल तर पाऊण तासाच्या आत. तेवढे चालेल.

आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगते. २०२१ सालच्या १० मार्चला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या मोठ्या कंपनीच्या यंत्रघराला आग लागली. एक इमारत पूर्ण जळाली, लाखो संकेतस्थळे बंद पडली, आणि ज्यांनी राखीव प्रत त्याच आवारात ठेवली होती अशा काहींची प्रतही जळाली. लहान दुकानदाराची ही गोष्ट नव्हे. तेव्हा "बॅकअप आम्ही ठेवतो" असे कोणीही सांगो, एक प्रत आपल्या घरी हवी. हे काम करणारी फुकट साधने वर्डप्रेसमध्ये मिळतात. ती दर आठवड्याला प्रत काढून मंडळाच्या गूगल ड्राइव्हवर टाकतात. पण नुसती प्रत काढून भागत नाही. एकदा ती दुसरीकडे उघडून पाहावी लागते. लोणच्याची बरणी भरली, की आठ दिवसांनी झाकण काढून आपण पाहतोच ना?

फेसबुकाचे पान फुकट असताना हा खटाटोप कशाला, असे आमच्या घरी ह्यांनीही विचारले. मी म्हटले, दुसऱ्याच्या ओटीवर टोपली घेऊन बसायला हरकत नाही, बसावेच. पण संस्थापक बाईंच्या पाककृती ओटीवर ठेवून येत नाहीत.

नाव मंडळाच्या नावावर नोंदवून झाले आहे. नूतनीकरणाची तारीख कार्यालयातील दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिली आहे, आणि पासवर्ड लखोट्यात घालून कपाटात ठेवला आहे. किल्ली अध्यक्षबाई व कार्यवाह अशा दोघींकडे आहे. जागेचे दोन भाव, तीन वर्षांच्या बेरजेसह, येत्या बैठकीत मांडते. ज्यांच्याकडे संस्थापक बाईंच्या हातची पाककृती किंवा जुन्या सहलीचे छायाचित्र असेल त्यांनी ते त्या दिवशी घेऊन यावे. पुतणी तेथेच प्रत काढून मूळ कागद लगेच परत देईल.